घर बंद असताना टपाल कुठे जाते आणि नंबर कोणाच्या हाती असतो?

काही वर्षांपूर्वी दोन महिन्यांच्या प्रवासाला निघताना मी टपाल वळवण्याचा अर्ज रीतसर भरला होता. तरीही चौथ्या आठवड्यात बँकेला फोन केला, तेव्हा माझे नवे कार्ड बँकेकडेच परत गेल्याचे कळले. कारण पाकिटावरच होते. पत्त्याच्या वर बारीक अक्षरांत छापले होते, ‘पत्ता बदलला असल्यास पुढे न पाठवता परत करावे.’ कार्ड पुन्हा पाठवायचे असेल तर नोंदवलेल्या नंबरवर आलेला ओटीपी सांगा, असे पलीकडून सांगण्यात आले. तो ओटीपी ज्या सिमवर येणार होता ते सिम मी निघण्यापूर्वी फोनमधून काढले होते आणि हरवू नये म्हणून घरी टेबलाच्या खणात जपून ठेवले होते.

बँकेने यात काही गैर केले असे मला आजही वाटत नाही. पत्ता आणि नंबर या दोन गोष्टींविषयीची माझी समजूतच जुनी होती. हा माणूस कुठे सापडेल, एवढेच सांगण्यासाठी या दोन्ही गोष्टी मुळात अस्तित्वात आल्या. पण हळूहळू हा माणूस कोण आहे, हे ठरवण्याचे कामही त्यांच्यावरच येऊन पडले. ज्याच्या पेटीत पत्र पडले तो खरा पत्तेदार आणि ज्याच्या फोनवर ओटीपी आला तो खरा खातेदार, असे धरून बँका, सरकारी कार्यालये आणि संकेतस्थळे चालतात. त्यामुळे टपाल किंवा नंबर वळवणे ही आता केवळ सोयीची बाब राहिलेली नाही. आपल्या ओळखीचा एक हिस्सा आपण त्या काळापुरता दुसरीकडे ठेवायला देतो.

## टपाल वळते म्हणजे नेमके काय होते?

टपाल वळवणे, म्हणजेच पुनर्निर्देशन, याचा अर्थ असा की पाकिटावर जुना पत्ता असला तरी टपाल खाते ते आपण कळवलेल्या नव्या पत्त्यावर पाठवते. मोठ्या टपाल यंत्रणांमध्ये पत्रांची वर्गवारी यंत्रे करतात. कॅमेरा पत्ता वाचतो आणि तो पत्ताबदलाच्या नोंदींशी ताडून पाहिला जातो. अमेरिकेत असा मेळ बसला की पाकिटावर नव्या पत्त्याची पिवळी चिकटपट्टी लागते आणि पत्र पुढच्या वाटेला लागते. जिथे हे काम हाताने चालते, तिथे वाटपापूर्वी पाकीट बाजूला काढून त्यावर नवा पत्ता घातला जातो.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही सहसा उशिराच लक्षात येतात. पहिली अशी की नोंद नाव आणि पत्ता या जोडीची होते. अर्ज एकाच्या नावाने असेल तर घरातल्या दुसऱ्या व्यक्तीचे पत्र जुन्याच दारी जाते. पाकिटावर आडनाव वेगळ्या तऱ्हेने लिहिलेले असेल, तर यंत्राला ती व्यक्ती परकी वाटू शकते. दुसरी अशी की ही नोंद टपाल खात्याकडे असते, खासगी कुरिअर कंपनीला तिचा पत्ताही नसतो. (हा शब्दखेळ ठरवून केलेला नाही, पण वस्तुस्थिती तशीच आहे.) माझ्या कार्डाच्या बाबतीत घडला तो तिसरा प्रकार, म्हणजे वळवण्यास पाठवणाऱ्यानेच केलेली मनाई. कार्ड भलत्याच हाती पडू नये म्हणून बँका ती मुद्दाम करतात. अशा पाकिटांवर वळवण्याचा अर्ज हा उपाय नाही. निघण्यापूर्वी कार्डांवरच्या मुदती पाहणे आणि जे कार्ड प्रवासात संपणार असेल ते आधीच मागवून घेणे, एवढेच आपल्या हाती असते.

थोड्या दिवसांसाठी जायचे असेल तर टपाल वळवण्यापेक्षा थांबवून ठेवणे बरे, असे माझे मत आहे. अमेरिकेच्या टपाल खात्यात ३ ते ३० दिवस टपाल राखून ठेवता येते, तर ब्रिटनच्या रॉयल मेलमध्ये शुल्क भरून ही मुदत १०० दिवसांपर्यंत मिळते. थांबवलेले टपाल एकाच ठिकाणी पडून राहते. वळवलेले टपाल जास्त हातांतून आणि जास्त थांब्यांतून जाते. मुक्काम महिन्याच्या पुढे आणि एकाच ठिकाणी असेल, तेव्हाच वळवण्याला अर्थ आहे. दर आठवड्याला गाव बदलणाऱ्याने टपाल वळवले, तर पत्र त्याच्या मागे मागे फिरत राहते आणि बहुधा त्याला गाठत नाही.

ज्याचा पुढचा पत्ता निश्चित नाही त्याच्यासाठी एक जुनी सोय अजूनही पुष्कळ देशांत चालू आहे. तिचे नाव ‘पोस्ट रेस्तांत’. शब्द फ्रेंच आहेत आणि अर्थ आहे ‘थांबून राहणारे टपाल’. पाठवणारा ज्याला पत्र मिळायचे त्याचे नाव, हे दोन शब्द आणि विशिष्ट टपाल कार्यालयाचे नाव लिहितो. पत्र तिथेच थांबते आणि आपण ओळखपत्र दाखवून ते घेतो. १८७४ मध्ये बर्न येथे स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघाची अधिकृत भाषा फ्रेंच असल्यामुळे हे शब्द परक्या मुलखातल्या टपाल खिडकीवरही सहसा समजतात. पाकिटावरचे नाव ओळखपत्रावरच्या नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. पत्र थांबवण्याची मुदत देशागणिक बदलते, अमेरिकेत ती साधारण ३० दिवसांची आहे.

## दुसऱ्याने आपले टपाल वळवले तर?

ही शंका काल्पनिक नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत एका माणसाने यूपीएस या बलाढ्य कंपनीच्या अटलांटा येथील मुख्यालयाचा पत्ता बदलल्याचा साधा अर्ज भरला आणि नवा पत्ता म्हणून शिकागोतल्या आपल्या सदनिकेचा पत्ता दिला. त्यानंतर कित्येक आठवडे कंपनीची हजारो पत्रे त्या सदनिकेत येत राहिली आणि त्यांतल्या सुमारे ५८ हजार डॉलरच्या धनादेशांचे पैसे त्याने आपल्या खात्यात भरले. ज्या कंपनीचा धंदाच वस्तू अचूक पत्त्यावर पोहोचवण्याचा, तिचाच पत्ता एका कागदाने हलला.

असे घडू नये म्हणून पत्ता बदलला की टपाल खाती जुन्या पत्त्यावर सूचनेचे पत्र पाठवतात. योजना चांगली आहे, पण जो घरी नाही त्याला तिचा उपयोग होत नाही. कुलूपबंद घराच्या पेटीत ते पत्र इतर पत्रांखाली दबून राहते. म्हणून घर बंद असताना आठवड्यातून एकदा पेटी पाहणारे, आणि टपाल खात्याचे किंवा बँकेचे पाकीट आले तर त्याचा फोटो पाठवणारे विश्वासाचे माणूस असावे. पाकीट उघडण्याची गरज नसते. पाठवणाऱ्याचे नाव आणि तारीख यांवरून पुष्कळ काही कळते. शेजाऱ्यांना सांगितले आहे, एवढे पुरेसे नाही का, असे कोणी विचारील. पुरेसे आहे, फक्त काय पाहायचे तेही सांगून ठेवलेले असावे. पेटीतून ओसंडणारी पत्रे वेळेवर आत गेली, तर घर रिकामे असल्याची जाहिरातही आपोआप टळते.

पत्रे आपल्या वतीने स्वीकारून, उघडून, त्यांची प्रत संगणकावर दाखवणाऱ्या खासगी सेवाही आहेत. लांबच्या प्रवासात त्या सोयीच्या असतात. पण आपले टपाल उघडण्याची लेखी परवानगी आपण एका कंपनीला देत असतो, हे विसरू नये. अमेरिकेत त्यासाठी ओळखपत्रांसह वेगळा अर्ज साक्षांकित करून द्यावा लागतो. ही कटकट वाटली तरी ती आपल्याच भल्यासाठी आहे.

## नंबर सिममध्ये नसतो

आता फोनकडे वळू. आपला नंबर सिमकार्डात असतो, अशी बहुतेकांची समजूत आहे. प्रत्यक्षात सिममध्ये ग्राहकाची एक वेगळी ओळखसंख्या आणि एक गुप्त किल्ली असते. त्या ओळखसंख्येला अमुक फोन नंबर द्यायचा, ही नोंद ऑपरेटरच्या, म्हणजे फोन कंपनीच्या वहीत असते. सिमला घराचे दार मानले तर नंबर ही दारावरची नावाची पाटी आहे. पाटी हलवण्यासाठी दार फोडावे लागत नाही. पाट्या लावणाऱ्याला पटवले की काम होते.

‘सिम स्वॅप’ नावाची फसवणूक एवढीच असते. चोर आपल्या नावाने ऑपरेटरकडे जातो किंवा फोन करतो, सिम हरवल्याचे सांगतो आणि आपला नंबर स्वतःच्या सिमवर लावून घेतो. आपल्या फोनवरची रेंज जाते आणि पुढचे ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांच्याच खात्यावरून दुसऱ्याच लोकांनी मजकूर टाकला, तोही त्यांच्या नंबरचा ताबा मिळवून. प्रवासी या फसवणुकीला अधिक सहज बळी पडतो, कारण रेंज गेली तर तो रोमिंगलाच दोष देतो आणि पुढच्या गावाची वाट पाहतो.

सिमची चोरी हा याहून साधा धोका आहे आणि त्यावरचा उपाय विलक्षण दुर्लक्षित आहे. फोनला कितीही पक्के कुलूप असले, तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालू शकतो आणि आपले सगळे ओटीपी निवांत वाचू शकतो. सिमला स्वतःचा पिन लावता येतो आणि ही सोय जवळजवळ प्रत्येक फोनच्या सेटिंगमध्ये असते. पिन लावला की सिम नव्या फोनमध्ये घालताच आधी तो विचारला जातो. तीनदा चुकला की सिम अडते आणि ८ अंकी ‘पक’ संकेतांक मागते. तोही दहा वेळा चुकला की ते सिम कायमचे निकामी होते. म्हणून पिन लावण्यापूर्वी ऑपरेटरने दिलेला मूळ पिन आणि पक दोन्ही लिहून घ्यावेत. अंदाजाने आकडे दाबून पाहण्याची ही जागा नव्हे.

## कॉल वळवले तर ओटीपीही वळतात का?

वळत नाहीत. कॉल फॉरवर्डिंग फक्त कॉलना लागू होते, एसएमएस त्यामागे जात नाहीत. घरचा नंबर प्रवासातल्या नंबरवर वळवला की आता ओटीपीही तिकडे येतील, असे धरून सिम घरी ठेवणारा मी एकटाच नसावा.

त्यापेक्षा घरचे सिम फोनमध्येच राहू द्यावे, त्यावरचा डेटा बंद करावा आणि इंटरनेटसाठी तिथले दुसरे सिम किंवा ई-सिम घ्यावे. ई-सिम म्हणजे फोनमध्येच बसवलेली चिप. तिच्यावर कार्ड न बदलता नवी जोडणी उतरवता येते. रोमिंगमध्ये एसएमएस येण्याला बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत, पण आपल्या ऑपरेटरचा नियम आधी वाचावा आणि रोमिंग निघण्यापूर्वीच चालू करून घ्यावे.

कॉलच्या बाबतीत एक खाचखळगा आहे. ‘सर्व कॉल वळवा’ असे सांगितले असेल, तर कॉल मायदेशातल्या एक्स्चेंजमधूनच वळतो. ‘उचलला नाही तर वळवा’ असे सांगितले असेल, तर पुष्कळ ऑपरेटरांकडे तो आधी परदेशातल्या आपल्या फोनवर येऊन वाजतो आणि मग व्हॉइसमेलसाठी पुन्हा मायदेशी जातो. आपण फोनला हातही लावलेला नसतो, तरी दोन आंतरराष्ट्रीय फेऱ्यांचे बिल आपल्या नावावर चढू शकते. म्हणून निघण्यापूर्वी *#२१# आणि *#६१# फिरवून पाहावे. पहिल्याने सरसकट वळवणी चालू आहे का ते कळते, दुसऱ्याने न उचललेल्या कॉलचे काय होते ते कळते आणि ##००२# ने सगळी वळवणी रद्द होते. काही ऑपरेटर हे संकेत वेगळे ठेवतात. *#२१# ने फोनवर कोणी पाळत ठेवली आहे का ते कळते, असा संदेश अधूनमधून फिरत असतो. तो खोटा आहे. दिसलेला अनोळखी नंबर बहुतेक वेळा व्हॉइसमेलचाच असतो.

याच संकेतांचा वापर करून ठगही गंडा घालतात. कुरिअरवाला किंवा ग्राहकसेवेचा माणूस म्हणून कोणी एखादा संकेत फिरवायला सांगतो, आपले कॉल त्याच्याकडे वळतात आणि फोनवर बोलून सांगितला जाणारा ओटीपी त्याला ऐकू जातो. भारताच्या दूरसंचार विभागाने असे संकेत फिरवून कॉल वळवण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून स्थगित करायला लावली, ती याच कारणाने.

## नंबर खासगी ठेवायचा म्हणजे कोणापासून?

या प्रश्नाचे उत्तर ठरवल्याशिवाय केलेले उपाय वाया जातात. ज्याला आपण फोन करतो त्याच्यापासून नंबर लपवायचा असेल, तर पुष्कळ नेटवर्कवर नंबराआधी #३१# लावले की पलीकडे नंबर उमटत नाही. पण तो पाठवलाच जात नाही असे नव्हे. ‘दाखवू नये’ अशी खूण लावून तो जातो आणि दोन्हीकडच्या ऑपरेटरांना दिसतो. पाठवणाऱ्याचा पत्ता आत घडी करून ठेवलेल्या पाकिटासारखे ते आहे.

खरा प्रश्न नोंदवह्या आणि अर्ज यांचा आहे. प्रवासात मुक्कामाची जागा, भाड्याची गाडी, फुकटचे वायफाय, तिकिटाचे ॲप असे सगळेच नंबर मागतात आणि आपण बँकेत नोंदवलेला नंबर त्या प्रत्येकाला देऊन टाकतो. एप्रिल २०२१ मध्ये फेसबुकच्या सुमारे ५३ कोटी ३० लाख वापरकर्त्यांची माहिती इंटरनेटवर खुली झाली, तिच्यात फोन नंबर होते. सुरक्षेसाठी म्हणून घेतलेले नंबर आणि ईमेल पत्ते जाहिरातींसाठी वापरल्याबद्दल ट्विटरला अमेरिकेत मे २०२२ मध्ये १५ कोटी डॉलरचा दंड भरावा लागला. म्हणजे ज्याला विश्वासाने दिला, तोही नंबर त्याच कामापुरता ठेवील याची शाश्वती नाही.

यावर मला पटलेला उपाय दोन नंबरांचा आहे. एक नंबर फक्त बँक, सरकारी नोंदी आणि जवळची माणसे यांच्यासाठी. तो कोणत्याही खिडकीवर लिहायचा नाही. दुसरा चारचौघांत वावरण्यासाठी. तो दुसऱ्या सिमचा असेल किंवा इंटरनेटवरून चालणारा व्हर्च्युअल नंबर असेल. व्हर्च्युअल नंबर पुष्कळ बँका स्वीकारत नाहीत, पण इथे तो बँकेला द्यायचाच नाही. अनोळखी लोकांशी गप्पा मारण्यासाठी नंबर उघड न करणारे मार्गही आता आहेत. उदाहरणार्थ, सिग्नल या संदेश ॲपने फेब्रुवारी २०२४ मध्ये वापरकर्तानावाची सोय आणली. खाते उघडायला नंबर लागतोच, पण समोरच्याला तो दाखवावा लागत नाही. कोणालाही वाचता येतील असे एसएमएस फुकट दाखवणारी संकेतस्थळे मात्र टाळावीत, कारण तिथे आपला ओटीपी अक्षरशः भिंतीवर लावलेला असतो.

## मग ओटीपीच नको, असे करता येईल का?

बऱ्याच ठिकाणी करता येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेतच एसएमएसने येणारा संकेतांक ‘मर्यादित’, म्हणजे धोका लक्षात घेऊनच वापरायच्या, प्रकारात टाकला होता. त्याऐवजी ऑथेंटिकेटर ॲप वापरता येते. ते दर ३० सेकंदांनी नवा ६ अंकी संकेतांक फोनमध्येच तयार करते, त्यासाठी सिम, रेंज किंवा इंटरनेट लागत नाही. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद उलटले हे मोजून आणि खात्याची गुप्त किल्ली त्यात मिसळून तो संकेतांक निघतो.

इथे प्रवाशाची एक हमखास गफलत होते. हे सेकंद जागतिक प्रमाणवेळेने मोजले जातात, त्यामुळे देश बदलल्याने काही बिघडत नाही. पण फोनचा वेळविभाग न बदलता कोणी घड्याळाचे काटेच हाताने दोन तास पुढे केले, तर फोनच्या हिशेबात दोन तास खरोखरच उलटून जातात आणि प्रत्येक संकेतांक चुकीचा ठरतो. ‘आपोआप वेळ’ हा पर्याय चालू ठेवला की ही भानगड उरत नाही. ॲप असलेला फोनच हरवला तर, म्हणून खाते देते ते एकदाच चालणारे सुटकेचे संकेतांक कागदावर लिहून फोनपासून वेगळे ठेवावेत.

## ‘माझ्याकडे लपवण्यासारखे काय आहे?’

हा आक्षेप प्रामाणिक असतो. पण इथे प्रश्न गुपिताचा नाहीच, ताब्याचा आहे. आपल्या नंबरवर कोणी फोन केला तर फारसे बिघडत नाही; आपल्या नंबरवरून कोणी आपण असल्याचे सिद्ध केले, तर बिघडते.

त्यासाठी चोर असण्याचीही गरज नसते. लांबच्या प्रवासात रिचार्ज राहून गेले आणि नंबर बंद पडला, तर काही काळाने तो दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. अमेरिकेत किमान ४५ दिवसांनी तो देता येतो. २०२१ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी असे पुन्हा वाटपाला आलेले २५९ नंबर तपासले, तेव्हा त्यांतले १७१ नंबर जुन्या मालकांच्या कोणत्या ना कोणत्या ऑनलाइन खात्याला अजून जोडलेले होते. नव्या ग्राहकाने ‘पासवर्ड विसरलो’ दाबले, तर संकेतांक त्यालाच येणार. नंबर सोडायचाच असेल, तर आधी प्रत्येक खात्यातून तो काढावा आणि मगच रिचार्ज थांबवावे.

## परतल्यावर

तात्पुरती वळवणी ठरल्या तारखेला थांबते, पण अर्जात ‘कायमचा बदल’ या रकान्यावर खूण झाली असेल, तर घरी आल्यावरही पत्रे बाहेरगावीच जात राहतात. वळवणी थांबल्यानंतरही आधीच वाटेला लागलेली पत्रे तिकडे पोहोचतात. म्हणून तिथल्या घरमालकाला दोन-तीन आठवड्यांनी एकदा विचारावे आणि मधल्या काळात वळवणीची चिकटपट्टी लागून आलेल्या प्रत्येक पाकिटावरचा पाठवणारा आणि त्याने लिहिलेला मूळ पत्ता पाहावा. ज्यांना आपला खरा पत्ता अजून ठाऊक नाही, त्यांची यादी त्यातून आपोआप तयार होते. माझ्या यादीत एक विमा कंपनी निघाली. ती नऊ वर्षे माझ्या आधीच्या घरी पत्रे पाठवत होती आणि तिथले नवे रहिवासी ती मुकाट्याने परत टपालपेटीत टाकत होते.